राहावं मंगळवेढ्यात, जावं हुलजंतीला

सोलापूर जिल्ह्यात बाहेरून येणारी मंडळी पंढरपूर आणि अक्कलकोट करतात, जमल्यास पलीकडच्या तुळजापूरला जाऊन येतात आणि परतीची गाडी धरतात. भीमा ओलांडून दक्षिणेला, मंगळवेढ्याच्याही खाली, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या माळावर पर्यटक म्हणून कोणी जात नाही. तिथे किल्ला नाही, धबधबा नाही, थंड हवा तर नाहीच. तरीही दिवाळीच्या अमावास्येला महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, आंध्र-तेलंगणातून लाखो माणसं या माळावर येतात, रात्र उघड्यावर काढतात आणि दुसऱ्या दिवशी अंगभर भंडारा माखून आपापल्या गावी परततात. त्या गावाचं नाव हुलजंती. धनगरांच्या महालिंगरायाचं हे ठाणं. ही हकीगत तिथल्या वाटेची आहे. हुलजंतीकडे कसं पाहावं हे मला ज्या फार दूरच्या गावात उमगलं, त्या ऑस्ट्रेलियातल्या युलाराचीही ती आहे.

सोलापूरहून मंगळवेढा पन्नास-पंचावन्न किलोमीटर. रत्नागिरी-नागपूर महामार्ग या दोन्ही गावांवरून जातो, त्यामुळे रस्ता आता रुंद आणि वेगाचा झाला आहे. वाटेत बेगमपूरजवळ भीमा लागते, तिथे वेग आवरावा. नदीकाठच्या माचणूरला सिद्धेश्वराचं जुनं देऊळ आहे आणि त्याच्या जवळच औरंगजेबाच्या छावणीच्या खुणा आहेत. १६९५ ते १६९९ या काळात हा बादशहा ब्रह्मपुरी-माचणूरच्या परिसरात तळ देऊन होता; मराठ्यांचा पाठलाग करता करता मोगलांची राजधानीच जणू भीमेच्या काठी आली होती. देवळाच्या पायऱ्या पात्राकडे उतरतात. दिवाळीच्या सुमारास नदीत पाणी चांगलं असतं. ते डोळ्यांत साठवून घ्यावं, कारण पुढे असं पाणी दिसत नाही.

मंगळवेढा हे कलचुरींच्या काळात राजधानीचं गाव होतं. बाराव्या शतकात बिज्जल राजाच्या पदरी असलेले बसवेश्वर कल्याणला जाण्याआधी इथे राहिले. दुष्काळात सुलतानाची कोठारं उपाशी रयतेसाठी उघडणारे दामाजीपंत इथले. कान्होपात्रा इथली. गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून चोखोबा गेले, तेही इथेच. आजच्या मंगळवेढ्याला हा इतिहास मिरवायला फारसा वेळ नाही. बाजारपेठ ज्वारी, डाळिंब आणि जनावरांच्या बोलण्यात गुंतलेली असते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भीमेच्या अंगाच्या काळ्या, खोल, ओल धरणाऱ्या जमिनीवर ती येते, आणि पीक भरात असताना शिवार पाहिलं तर हे दुष्काळी मुलखाचं गाव आहे हे सांगूनही पटत नाही. गावात साध्या लॉज आहेत, खानावळीत पातळ कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि झणझणीत आमटी मिळते. पंढरपूर पंचवीसेक किलोमीटरवर; तिथे मठ आणि भक्तनिवास भरपूर. मुक्कामाचा विचार इथेच पक्का करून टाकावा. पुढे राहण्याची सोय शोधू नये. का, ते नंतर सांगते.

मंगळवेढ्यातून मरवड्याच्या अंगाने दक्षिणेला निघालं की काही मैलांतच जमीन रंग बदलते. काळी माती मागे राहते, मुरूम वर येतो, बांधावरच्या बाभळी खुरट्या होत जातात. झाडाखाली सावली शोधणारी मेंढरं दिसू लागतात. तालुक्याच्या या दक्षिण भागातल्या पस्तीस गावांचा पाणीप्रश्न हा सोलापूरच्या वर्तमानपत्रांचा नेहमीचा मथळा आहे. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही दगा देत. सह्याद्री पश्चिमेला ढग रिकामे करून घेतो आणि आपल्या वाट्याला उरलेला वारा येतो.

पण या कोरडेपणामुळेच इथे मेंढरू टिकलं. दख्खनी मेंढीला सततची ओल सोसत नाही, तिच्या खुरांना रोग होतो. कमी पावसाचा, खुरट्या गवताचा हा पठारी पट्टा तिचं घर आहे. पावसाळ्यात धनगर गावाकडच्या माळावर असतो आणि दिवाळीनंतर गवत वाळलं की वाडे बाहेर पडतात. वाडा म्हणजे काही कुटुंबं, त्यांची मेंढरं, कुत्री, कोंबड्या आणि घोड्यावर लादलेला संसार. वाटेतले शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलावतात. रात्रभर मेंढरं बसली की जमिनीला लेंडीखत मिळतं आणि धनगराला धान्य किंवा पैसे. हा व्यवहार कोणत्याही कागदावर नसतो, पण पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

सातबाऱ्यावर मात्र अशा जमिनीला पोटखराब म्हणतात. ज्यात नांगर चालत नाही ती खराब, असा त्याचा सरळ हिशोब. सोलापूरजवळच्या नान्नजला हाच माळ माळढोकाचं घर होता. १९७९ मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि जगभरचे पक्षिनिरीक्षक आपल्या पोटखराब जमिनीवर दुर्बिणी लावून बसू लागले. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल यांना आणि मेंढरांना पोसणारी जमीन रिकामी कशी म्हणायची? माळावर काही नाही असं म्हणणाऱ्याला माळ वाचता येत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि तो वाचायला शिकवणारे लोक इथेच राहतात.

आम्ही हुलजंतीत पोचलो तेव्हा दिवस कलला होता आणि गावाच्या चारी वाटा माणसांनी भरल्या होत्या. ट्रॅक्टर, टेम्पो, जीप, आणि त्याहून जास्त पायी चालणारे. पुरुषांच्या खांद्यावर घोंगडी, डोक्याला पिवळे किंवा तांबडे पटके, बायकांच्या कपाळभर भंडारा. भाषा पावलोपावली बदलत होती. इंडी-विजयपूरकडचे लोक देवाला माळिंगराय म्हणत होते, सांगोला-जतकडचे महालिंगराया. कानडी प्रश्नाला मराठी उत्तर येत होतं आणि कोणाचं काही अडत नव्हतं. देवळाच्या परिसरात ढोल आणि कैताळ वाजत होते. गजी ढोलाचा ठेका अंगात शिरला की कोपऱ्यात उभं राहणाऱ्यालाही पाय रोखून धरावे लागतात.

श्रद्धा अशी की या अमावास्येच्या मध्यरात्री साक्षात शंकर-पार्वती येतात आणि महालिंगरायाच्या देवळाच्या शिखराला मुंडासं बांधतात. तेवढ्यासाठी लोक आदल्या दिवसापासून येऊन बसलेले असतात. रात्र चढत गेली तशी गर्दी दाट झाली. लहान मुलं घोंगडीत गुंडाळून झोपवली होती, म्हाताऱ्या त्यांच्या भोवती कडं करून बसल्या होत्या. माझ्या शेजारच्या आजी अक्कलकोटच्या बाजूच्या. त्यांनी न विचारताच आपल्या घोंगडीची अर्धी बाजू माझ्याकडे सारली.

“बस लेकी, थंडी लागंल. एकलीच आलीस?”

“नाही आजी, घरचे तिकडं उभे आहेत. तुम्ही दर वर्षी येता?”

“आमच्या सासूबाई यायच्या, त्यांच्या सासूबाई यायच्या. मेंढरं गेली, लेकरं पुण्याला गेली, पण दिवाळीला देवाकडं यायचं ऱ्हाईलं न्हाई.”

मध्यरात्री एकाएकी सगळ्या माना वर झाल्या. ढोलांचा आवाज टिपेला गेला, भंडाऱ्याच्या मुठी हवेत उडाल्या आणि महालिंगरायाच्या नावानं चांगभलं असा एकच कल्लोळ उठला. आजींनी हात जोडले, डोळे मिटले आणि मग भंडारा आपल्या कपाळाला आणि लगेच माझ्याही कपाळाला लावला. शिखरावर काय झालं, कसं झालं हे मी कोणाला विचारलं नाही. ज्यांचा तो देव आहे त्यांना तो प्रश्न पडलेला नव्हता. पाहुण्याने तो विचारणं मला शोभलं नसतं.

दुसरा दिवस भेटींचा. महालिंगराया हा बिरोबाचा शिष्य. गुरू हुन्नूरला, याच तालुक्यात, शिष्य हुलजंतीला. वर्षातून एकदा गुरूची पालखी शिष्याच्या गावी येते आणि गावाजवळच्या ओढ्याच्या पात्रात दोघांची भेट होते. त्यांच्याबरोबर आसपासच्या देवांच्याही पालख्या येतात, जत तालुक्यातल्या सोन्याळचा विठोबा त्यांतला एक. अशा सात पालख्यांचा हा मेळा. ओढ्याच्या दोन्ही दरडी, झाडं, घरांची छतं माणसांनी भरून गेलेली असतात. पालख्या एकमेकींकडे झेपावतात, मागे सरतात, पुन्हा झेपावतात. त्या क्षणी लोक भंडारा, खोबरं आणि मेंढराची लोकर उधळतात. भंडाऱ्याने हवा इतकी पिवळी होते की पाच हातांवरचा माणूस दिसेनासा होतो. लोकरीचे पुंजके त्यातून संथपणे खाली येत राहतात. देवाला फुलं वाहणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. लोकर वाहणारे इथे पाहिले. ज्याच्यावर पोट चालतं तेच देवावर उधळायचं, इतकी ही सरळ भक्ती आहे. केसांत अडकलेला लोकरीचा पुंजका मी काढला नाही. आजूबाजूच्या कोणीच काढत नव्हतं.

हुलजंती समजून घ्यायची तर ती एकटी पाहून चालत नाही. बिरोबाच्या ओव्यांमधून एक मोठा मुलूख उभा राहतो. कवठे महांकाळ तालुक्यातलं आरेवाडीचं बिरोबाचं बन, कोल्हापूरकडचा पट्टणकोडोलीचा विठ्ठल-बिरदेव, बेळगाव जिल्ह्यातल्या चिंचलीची मायाक्का जी बिरोबाची बहीण मानली जाते, हुन्नूर, हुलजंती, आणि त्यांच्यामधले ओढे, टेकड्या, पाणवठे. धनगर रात्री वाड्यावर बसून सुंबरान मांडतो, म्हणजे देवाचं स्मरण करून ओवी गाऊ लागतो, तेव्हा देव कुठून निघाला, कुठे पाणी प्याला, कुठे थांबला, कुठे लढला हे सगळं गावांच्या नावांसकट येतं. ऐकणारं पोर मोठं होईपर्यंत ती वाट त्याला पाठ झालेली असते. कथा सांगता सांगता कुठे पाणी आहे आणि कुठे चारा आहे हे शिकवण्याची ही पद्धत आहे. ती गाणारे गळे कमी होत आहेत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या मौखिक परंपरेचं मोल ओळखणाऱ्यांत एक जर्मन माणूस अग्रभागी होता. गुंथर सोन्थायमर मराठी शिकले, धनगरांच्या वाड्यांवर राहिले, वर्षानुवर्षं त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि १९७६ मध्ये बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा मोठा ग्रंथ जर्मनमध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी १९६२ मध्ये दामोदर कोसंबींनी आपल्या पुस्तकात दाखवून दिलं होतं की दख्खनमधल्या अनेक जत्रांच्या आणि पालख्यांच्या वाटा मुळात कळप हाकणाऱ्यांच्या प्राचीन वाटांवरून गेलेल्या आहेत. आणि रा. चिं. ढेरे यांनी १९८४ च्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये तर पंढरीच्या विठ्ठलाचं मूळच गवळी-धनगरांच्या देवात शोधलं. ते सगळ्यांना पटलं नाही, वाद झाले. पण सोन्याळच्या विठोबाची पालखी बिरोबाच्या पालखीशेजारी भंडाऱ्यात नाहताना पाहिली की ढेरे काय म्हणत होते ते डोळ्यांनी कळतं. ज्या देवाला आपण सावळा, सोवळ्यातला, टाळ-मृदंगाच्या गजरातला म्हणून ओळखतो, त्याचा भाऊबंद इथे ढोलाच्या ठेक्यावर लोकर झेलत उभा असतो.

आता युलारा.

ऑस्ट्रेलियाच्या जवळजवळ मध्यभागी, ॲलिस स्प्रिंग्ज या शहरापासून सुमारे साडेचारशे किलोमीटरवर, लाल वाळवंटात उलुरू नावाचा एकसंध खडक आहे. भोवतालच्या सपाटीवरून ३४८ मीटर उंच, घेर साडेनऊ किलोमीटरच्या आसपास. ब्रिटिशांनी १८७३ मध्ये त्याला आपल्या एका अधिकाऱ्याचं नाव देऊन एअर्स रॉक केलं. ते नाव देणारा विल्यम गॉस खडकावर चढला तेव्हा त्याच्यासोबत कामरान नावाचा उंटवाला होता. अफगाणिस्तानातून आणि आजच्या पाकिस्तानातल्या मुलखातून नेलेल्या अशा उंटवाल्यांच्या जिवावर ते वाळवंट पालथं घातलं गेलं. पण तिथले मूळ रहिवासी, अनांगू, त्या खडकाला हजारो वर्षांपासून ओळखत होते आणि उलुरू म्हणत होते.

मेलबर्नला असलेल्या आमच्या घरच्यांसोबत मी तिथे गेले ती तिकडच्या हिवाळ्यात. विमान उतरताना खाली फक्त तांबडी जमीन आणि तिच्यावर काटेरी गवताचे गोल ठिपके. विमानतळापासून युलारा जवळच. हे गाव पर्यटकांसाठीच वसवलेलं आहे: हॉटेलं, तंबूंची जागा, दुकानं, कर्मचाऱ्यांची घरं. इमारती बुटक्या, मातीच्या रंगाच्या, त्यांच्यावर सावलीसाठी ताणलेली पांढरी शिडं. फिलिप कॉक्स या वास्तुरचनाकाराने ते योजलं आणि १९८४ मध्ये गाव सुरू झालं.

युलाराची मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे त्याची जागा. ते खडकापासून जवळजवळ वीस किलोमीटर दूर आहे, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर. पूर्वी तसं नव्हतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मोटेलं थेट उलुरूच्या पायथ्याशी उभी राहिली, तिथेच धावपट्टी झाली, तिथेच लोक तंबू ठोकू लागले. सांडपाणी, कचरा, मोटारींची धूळ पवित्र पाणवठ्यांपर्यंत पोचली. अखेर सरकारने ठरवलं की राहण्याची सगळी सोय उचलून दूर न्यायची. पायथ्याची मोटेलं बंद झाली, युलारा उभं राहिलं. आता पाहुणा सकाळी खडकाकडे जातो आणि संध्याकाळी उद्यान बंद होण्याआधी परत येतो. रात्री उलुरू ज्यांचा आहे त्यांच्यापाशी असतो. पायथ्याजवळ फक्त अनांगूंची मुतिजुलू ही वस्ती आहे.

२६ ऑक्टोबर १९८५ ला ऑस्ट्रेलियाच्या गव्हर्नर-जनरलनी उलुरू आणि शेजारच्या काटा जुटाच्या जमिनीची मालकी समारंभपूर्वक अनांगूंना परत दिली. अनांगूंनी ती ९९ वर्षांच्या कराराने उद्यानासाठी सरकारला भाड्याने दिली आणि उद्यानाच्या व्यवस्थापन मंडळावर त्यांचं बहुमत राहील असं ठरलं. खडकावर चढायची साखळी मात्र कायम होती. १९६४ मध्ये बसवलेल्या त्या साखळीला धरून पर्यटक वर चढत, आणि पायथ्याशी अनांगूंची पाटी त्यांना विनंती करत असे की कृपा करून चढू नका. ती वाट ‘मला’ या पूर्वजांची आहे, आणि इथे कोणी पडून मेलं तर यजमान म्हणून आम्हाला दुःख होतं, असं त्यांचं म्हणणं. ‘मला’ म्हणजे एक लहान कांगारू. अनांगूंच्या एका पूर्वजकुळाचं ते रूप. चढताना तीसहून जास्त माणसं दगावली. मंडळाने २०१७ मध्ये बंदीचा निर्णय घेतला आणि जमीन परत मिळाल्याच्या वर्धापनदिनी, २६ ऑक्टोबर २०१९ ला, चढाई कायमची थांबली. साखळीही काढून टाकली.

आम्ही पायथ्याने चाललो. खडक दुरून गुळगुळीत दिसतो, जवळ गेल्यावर त्याच्या अंगावर घळी, गुहा, खाचा, काळे ओघळ दिसू लागतात. मुतिजुलूच्या पाणवठ्याशी वाटाड्याने कुनिया नावाच्या अजगरीची गोष्ट सांगितली. ती आपली अंडी घेऊन पूर्वेकडून आली, तिच्या भाच्याला लिरू या विषारी सापांनी मारलं तेव्हा ती चवताळून लढली आणि एका लिरूला तिने ठार केलं. खडकावरच्या भेगा म्हणजे तिने घातलेले घाव. ही गोष्ट नुसती कथा नसते. तिला अनांगू जुकुर्पा म्हणतात. त्यात पूर्वज आहेत, कायदा आहे, कोणी कोणाशी कसं वागायचं ते आहे, आणि पाणी कुठे आहे तेही आहे. मला तिथेच आमच्या माळावरची ओवी आठवली. अर्ध्या जगाइतकं अंतर मध्ये असलेल्या दोन कोरड्या मुलखांनी जमीन लक्षात ठेवायला एकच उपाय काढला होता.

आणि तिथे काही ठिकाणी गोष्ट थांबते. एखाद्या वळणावर फलक असतो: इथे छायाचित्र घेऊ नका. काटा जुटाच्या ३६ घुमटांबद्दल तर पाहुण्याला फारच थोडं सांगितलं जातं, कारण ते ज्ञान दीक्षा मिळालेल्या पुरुषांपुरतं आहे. काही जागा फक्त बायकांच्या. लोक हे मानतात. शेकड्यांनी पर्यटक कॅमेरे खाली करून चालताना मी पाहिले. उचलून नेलेले दगड मनाला लागलं म्हणून टपालाने परत पाठवणारेही पुष्कळ आहेत आणि उद्यानाचं कार्यालय ते दगड सांभाळून ठेवतं. एका समाजाने आपल्या देवस्थानाची मर्यादा ठरवली आणि जगाने ती पाळली, हे मला उलुरूच्या सूर्यास्तापेक्षा मोठं दृश्य वाटतं.

हुलजंतीची आणि उलुरूची तुलना मर्यादेतच करावी. अनांगूंची जमीन त्यांच्याकडून हिरावली गेली होती, मुलं आईबापांपासून तोडली गेली होती. हुलजंतीत तसं झालेलं नाही. देव गावाचा आहे, पुजारी गावचे आहेत, पालख्यांचे मान कोणाकडे हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. पण आपल्याकडे देवस्थानाचा विकास म्हटलं की काय होतं ते आपण सर्वांनी पाहिलं आहे. आधी मोठी कमान. मग देवळाला लागून भक्तनिवास, सभामंडप, दुकानांचे गाळे, वाहनतळ. ओढ्याला काँक्रीटची भिंत, माळावर फरशी. दहा वर्षांनी देव तोच असतो, पण तो ज्या ओढ्यात आपल्या गुरूला भेटत होता तो ओढा गटार झालेला असतो. नदीकाठच्या कितीतरी तीर्थांचं हे झालं आहे आणि पंढरपुरात चंद्रभागेची अवस्था पाहून डोळ्यांत पाणी येणारे वारकरी मला माहीत आहेत.

म्हणून माझं म्हणणं असं. हुलजंतीला येणाऱ्या लाखो माणसांना पाणी, स्वच्छतागृह, दवाखाना आणि उजेड मिळालाच पाहिजे. रात्र उघड्यावर काढणाऱ्या म्हाताऱ्या बायकांसाठी तर ते हक्काचं आहे. त्यात हयगय नको. यात्रेपुरत्या उभ्या राहतील आणि यात्रा संपल्यावर उचलल्या जातील अशा सोयी करता येतात. पंढरीच्या वारीच्या वाटेवर प्रशासनाला त्याची सवय आहे. पण कायमची हॉटेलं, निवास, बाजार हे सगळं मंगळवेढ्यात व्हावं. मंगळवेढ्याला इतिहास आहे, पाणी आहे, हमरस्ता आहे, रोजगाराची गरज आहे. दामाजी आणि चोखोबांच्या गावाला वर्षभर पाहुणे मिळतील आणि हुलजंतीचा माळ माळ राहील, ओढा ओढा राहील. आणि भोवतालची गायरानं मेंढरांसाठी मोकळी राहिली नाहीत तर उधळायला लोकर कुठून येणार, याचाही विचार त्याच आराखड्यात हवा.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. सोलापूर आणि पंढरपूर दोन्हीकडे रेल्वे आहे, दोन्हीकडून मंगळवेढ्याला एसटी मिळते. यात्रा आश्विन अमावास्येला आणि भेटींचा सोहळा त्याच्या दुसऱ्या दिवशी. इंग्रजी तारीख दर वर्षी बदलते, ती पंचांगात पाहून घ्यावी. यात्रेच्या दिवशी गाडी गावात नेण्याचा हट्ट करू नये, अलीकडे ठेवून चालत जावं. भंडाऱ्याचे डाग निघत नाहीत, त्यामुळे जुने कपडे घालावेत. डोळ्यांना त्रास असेल तर चष्मा लावावा. घोंगडी घ्यायची असेल तर यंत्रावरची स्वस्त घेण्यापेक्षा हातमागावर विणलेली, अंगाला थोडी टोचणारी, खऱ्या लोकरीची मागून घ्यावी. तिची किंमत सांगतील ती योग्यच असते. गर्दी नको असेल तर डिसेंबर-जानेवारीत जावं. तेव्हा मंगळवेढ्याच्या शिवारात हुरडा असतो आणि हुन्नूर, हुलजंती दोन्ही देवळं शांतपणे पाहता येतात. त्याच फेरीत सोलापूरला येऊन पहाटे नान्नजचा माळही पाहावा. काळवीट हमखास दिसतं.

कोणी ओवी गात बसलेलं दिसलं तर लगेच मोबाइल समोर धरू नका. आधी बसा, ऐका, मग विचारा. गाणारा हो म्हणाला तरच मुद्रण करा, नाही म्हणाला तर हात जोडून उठा. रात्रीचा मुक्काम मंगळवेढ्यात करा, आणि माळावरून येताना दगड, लोकर, देवाचं काहीही घेऊन येऊ नका; कपाळाचा भंडारा तेवढा आणा.